डोंगराला कुलूप!

दिवाळीच्या अंकात पावसाळ्याचा विषय काढावा, हे पुष्कळांना अवेळी वाटेल. फराळाचे ताट पुढे आहे, अंगणात पोरांनी मातीचा किल्ला रचला आहे, त्यावर हळिवाची हिरवळ तरारली आहे, आणि हा मास्तर धबधब्यांचे आणि लोंढ्यांचे काय सांगत बसला! पण मी मुद्दामच आता बोलतो आहे. आषाढात या विषयावर बोलू जावे तर ऐकण्याच्या मनःस्थितीत कोणीच नसते. तेव्हा कोणीतरी नुकताच वाहून गेलेला असतो, वर्तमानपत्रांत हळहळ चाललेली असते आणि साहेबांच्या कचेरीतून हुकूम सुटलेला असतो. आज ओढे ओसरले आहेत, डोकी थंड आहेत आणि सबंध कुटुंब एका ठिकाणी बसले आहे. ज्यांच्याविषयी बोलायचे ती मुले, ज्यांना धाक वाटतो ते आईबाप, आणि ज्यांनी हाच डोंगर भर पावसात अनवाणी चढला ते आजी-आजोबा, असे सारे एका घरात सापडतात ते याच चार दिवसांत.

माझे म्हणणे आधीच सांगून टाकतो, म्हणजे ज्यांना राग यायचा त्यांना तो लवकर येईल. पावसाळ्यात सह्याद्रीला कुलूप घालण्याची जी रीत आपल्या सरकारी कचेऱ्यांनी पाडली आहे, ती चुकीची आहे. तिने माणसे वाचत नाहीत. आणि ज्या शहाणपणाने ती वाचली असती ते शहाणपण मात्र तिच्यामुळे नाहीसे होत चालले आहे. आणखी एक सांगतो. मी गर्दीचा वकील नाही. धबधब्याखाली कर्णा लावून नाचणाऱ्यांची बाजू घ्यायला मी लेखणी उचललेली नाही. त्यांचा समाचार पुढे घेणारच आहे.

आता हुकुमाचे पाहू. ३० जून २०२४ चा रविवार आठवा. लोणावळ्याला भुशी धरणाच्या मागच्या धबधब्यात एकाच कुटुंबातली पाच माणसे वाहून गेली. त्यांत लहान मुले होती. एकमेकांना घट्ट धरून ती माणसे पाण्याच्या मधोमध उभी होती, काठावर लोक ओरडत होते, आणि बघता बघता सारे संपले. महाराष्ट्रातल्या घराघरांत ते चित्र पाहिले गेले. पुढच्या काही दिवसांत जिल्ह्यातल्या धबधब्यांवर, धरणांवर, कड्यांवर निर्बंध आले. जवळजवळ एक वर्षाने, १५ जून २०२५ ला, पुन्हा रविवारच होता. मावळात कुंडमळ्याला इंद्रायणीवरचा जुना लोखंडी पूल माणसांच्या भाराने कोसळला. चार जण दगावले, पन्नासांवर जखमी झाले. पूल धोक्याचा आहे अशी पाटी तिथे होती. पाटी वाचता येणारी माणसेच त्या पुलावर उभी होती.

या दोन पावसाळ्यांच्या मधल्या वर्षात आपण काय शिकलो? पहिल्या ठिकाणी ओढ्याचे पाणी कसे चढते हे त्या बिचाऱ्यांना कोणी सांगितलेले नव्हते. दुसऱ्या ठिकाणी पुलावर किती माणसे आहेत हे मोजायला कोणी उभे नव्हते. पहिल्याला शिकवण हवी होती, दुसऱ्याला मोजणी. आपण दोहोंनाही कागद दिला. पूर्वी हा कागद फौजदारी प्रक्रिया संहितेच्या १४४ व्या कलमाखाली निघे. १ जुलै २०२४ पासून तो भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या १६३ व्या कलमाखाली निघतो. कलमाचा आकडा बदलला, तोडगा तोच राहिला.

या कागदाला कोण भितो, तेही पाहा. भितो तो विचारून जाणारा. शाळेचा हेडमास्तर भितो, परवानगीचा अर्ज करणारे गिर्यारोहण मंडळ भिते, मुलाबाळांचा संसारी माणूस भितो. न भिणारे पहाटे चारला मोटार काढतात, नाक्यावरच्या शिपायाची नजर चुकवून आडवाटेने शिरतात. आणि ते एकटे शिरतात, ही यातली सर्वांत वाईट गोष्ट. कारण गावातला वाटाड्या त्यांच्याबरोबर येत नाही. त्याला गावात राहायचे असते, उद्या त्याच्याच दारात पोलीस येणार असतो. म्हणजे ज्या एका माणसाच्या शब्दाने त्यांचा जीव वाचला असता, नेमका तोच माणूस या हुकुमाने बाजूला काढला. बंदी असलेल्या जागी माणसे बुडाली की आपण म्हणतो, बघा, सांगितले होते ना! सांगितले होते खरे. पण सांगायला हवे होते ते सांगितलेच नव्हते.

ज्या डोंगराला आपण कुलूप घालतो, तो आत कसा आहे हे कुलूप घालणाऱ्यांतल्या किती जणांनी पाहिले आहे? एकच वाट सांगतो, कारण ती माझ्या पायाखालची आहे. कर्जत तालुक्यातल्या खांडस गावाहून भीमाशंकरला चढणाऱ्या दोन वाटा आहेत. एक शिडी घाटाची, दुसरी गणेश घाटाची. शिडी घाट जवळचा, पण कड्याला चिकटलेला. त्यातल्या लोखंडी शिड्यांवरून पावसात पाणी वाहते, आणि जाणता माणूस पावसाळ्यात त्या वाटेला जात नाही. गणेश घाट लांबचा, पण शहाण्यांचा. भातखाचरांच्या बांधावरून वाट निघते, गणपतीच्या देवळावरून वर वळते, आणि पदरगडाच्या अंगाने डोंगराच्या पदरावर येते. इथवर कातळ आणि झुडूप असते. इथून पुढे रान सुरू होते. हिरडा, जांभूळ, अंजनी, आंबा. खाली कारवीचे दाट जाळे, जी सात-आठ वर्षांतून एकदा फुलते. प्रत्येक खोडाला शेवाळाचे जाड अस्तर. भर दुपारी संध्याकाळ झाल्यासारखा उजेड. पाऊस थांबला तरी रानातला पाऊस थांबत नाही, कारण पानांवरचे पाणी पुढे तासभर गळत असते. वर कुठेतरी शेकरू फांदीवरून फांदीवर झेप घेते, आणि तांबूस शेपटीचा झुपका तेवढा दिसतो. रात्री रानात मुक्काम पडला तर कुजलेल्या लाकडांवर वाढलेली बुरशी अंधारात हिरवट चमकताना दिसते. हे रान १९८५ साली अभयारण्य झाले, पण त्याच्या कितीतरी आधीपासून देवाच्या नावाने ते राखलेले होते.

आणि माथ्यावर आलात की एक गंमत कळते, जी भूगोलाच्या पुस्तकात वाचून कळत नाही. इथे पडलेला एक थेंब दोन बोटे पूर्वेला सरकला तर भीमेतून कृष्णेत आणि कृष्णेतून बंगालच्या उपसागराला मिळतो; दोन बोटे पश्चिमेला सरकला तर कडा उतरून कोकणच्या नद्यांतून अरबी समुद्राला जातो. ही गोष्ट मी फळ्यावर खडूने वर्षानुवर्षे शिकवली आहे. ती मुलांना कळली ती फक्त त्या माथ्यावर, भर पावसात, डोक्यावर इरले घेऊन उभे राहिल्यावर. उन्हाळ्यात तिथे नेऊन उपयोग नाही. तेव्हा तिथे दाखवायला थेंबच नसतो.

हे पाणी माणसाला मारते कसे? याचे गणित पाचवीच्या मुलाला येण्यासारखे आहे, आणि ते आपण कोणालाही शिकवत नाही. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक चौरस मीटर जमिनीवर एक लिटर पाणी. डोंगरावरचे एक चौरस किलोमीटरचे सपाट पठार घ्या; त्यात दहा लाख चौरस मीटर बसतात. त्यावर तासात १०० मिलिमीटर पाऊस कोसळला, तर दहा कोटी लिटर पाणी झाले. दहा हजार लिटरचा एक टँकर धरला तर दहा हजार टँकर. सह्याद्रीचा कातळ बसाल्टचा, घट्ट. भर पावसाळ्यात तो फारसे पाणी पीत नाही. म्हणजे या दहा हजार टँकरांतला मोठा हिस्सा एकाच नाळेतून, एकाच कड्यावरून, आणि थोड्याच वेळात खाली येणार. त्या नाळेच्या तोंडाशी आपण सहकुटुंब छायाचित्र काढत उभे असतो. डोक्यावर ऊनही पडलेले असते! कारण पाऊस आपल्यावर पडत नसतो. तो वर, दोन कोसांवर, ढगाआड पडत असतो.

शहरातल्या माणसाची फसगत होते ती इथे. पुण्यात वर्षाला सुमारे ७०० मिलिमीटर पाऊस पडतो, महाबळेश्वरला साडेपाच हजारांवर. पुण्याचा माणूस स्वतःच्या गच्चीवरचा पाऊस डोळ्यांपुढे ठेवून घाटात येतो. ज्या पावसाला तो वर्षभर पुरवतो, तेवढा घाटमाथा एका आठवड्यात पाडून मोकळा होतो. शिवाय पाण्याचा वेग दुप्पट झाला की त्याचा रेटा चौपट होतो, हेही त्याला ठाऊक नसते. पाणी गुडघाभरच तर आहे, असे म्हणून तो पाय टाकतो. डोंगरउतारावरचे गुडघाभर पाणी धट्टाकट्टा गडी आडवा करते. खाली शेवाळी दगड असतो, हाताला धरायला काही नसते, आणि पाठीमागे कडा असतो.

पण हे पाणी न सांगता येत नाही. ते आधी वर्दी देते. नितळ पाणी तांबूस होते. त्यात पाने, काड्या, गवत यायला लागते. आवाज जड होतो, आणि तळातले धोंडे एकमेकांवर आपटल्याचे कानाला कळते. काठाशी खूण म्हणून ठेवलेला दगड भिजतो. यांतले एक जरी दिसले तरी हातातले सोडून उंचावर जायचे. ओलांडायचे नाही, पलीकडे राहिलेल्या चपलेसाठीदेखील परतायचे नाही. पाऊस थांबला की कोकणउताराचा ओढा चढतो तसाच उतरतो. दोन-चार तास बसून राहिले तर बहुधा सुखाने घरी जाता येते. एवढी पाच वाक्ये आहेत. ती मराठी शाळेच्या एखाद्या धड्यात मावली नसती काय?

माझ्या वर्गात एक ठाकराचा मुलगा होता. अपूर्णांक म्हटले की त्याला घाम फुटे. एका श्रावणात मी वर्ग घेऊन वाडीकडच्या ओढ्यापर्यंत गेलो होतो. पोरे पलीकडे जायला उतावीळ झाली होती. हा पोरगा एकदम थांबला आणि म्हणाला, “गुरुजी, पाण्याचा आवाज फिरला.” मला काही फिरलेले ऐकू आले नाही. पण त्याच्या तोंडाकडे पाहून मी सगळ्यांना वर घेतले. पावघटकेत तो ओढा असा आला की आम्ही ज्या दगडावर डबे ठेवणार होतो तो दगड दिसेनासा झाला. दोन तास आम्ही आंब्याखाली बसून राहिलो, पोरांनी तिथेच भाकऱ्या सोडल्या. त्या दिवशी अपूर्णांकांत नापास झालेला पोरगा वर्गाचा मास्तर होता. आपल्या परीक्षेत त्याच्या त्या कानाला गुण नाहीत; आणि आपल्या हुकुमांत त्याला जागा नाही.

हा कान काही त्या एकट्याचा नव्हे. महादेव कोळी, ठाकर, कातकरी या लोकांनी पिढ्यान् पिढ्या पावसाळा या डोंगरात काढला आहे. त्यांना पावसाळ्यात डोंगर ‘बंद’ ठेवता आला नाही. गुरे त्याच काळात चरतात, रानभाजी आणि खेकडे त्याच काळात मिळतात. आणि केवळ त्यांचेच कशाला? भीमाशंकरला श्रावणी सोमवारची यात्रा भरते. कोकणातले भाविक याच घाटवाटांनी, याच पावसात वर चढत आले आहेत. तुमच्या घरातल्या आजीला विचारा. आषाढी वारी कोणत्या ऋतूत निघते? ज्या समाजाने आपला सर्वांत मोठा पायी प्रवास भर पावसाळ्यात ठेवला, त्याच्या नातवंडांना पाऊस आला की घरात कोंडावे, हे काय नशीब! आजीच्या वेळी ओढे कमी जोरात वाहत होते असे नाही. फरक एवढाच की आजी एकटी जात नव्हती. दिंडीत पुढे कोणीतरी वाट जाणणारा असे. तो थांबला की सारे थांबत.

आता गर्दीचा समाचार घेतो. आज डोंगरात जे चालले आहे त्याला डोंगरयात्रा म्हणणे म्हणजे उरुसाला एकांत म्हणण्यासारखे आहे. शनिवारी रात्री बशी भरून माणसे निघतात. साठ-साठ माणसांमागे एक-दोन पोरगे म्होरके, तेही त्या वाटेवर पहिल्यांदाच आलेले. आदल्या रात्रीची झोप नाही, पायांत गुळगुळीत तळव्यांचे बूट, हातात मोबाईल. स्वतःचे छायाचित्र काढण्यासाठी कड्याच्या टोकाला पाठमोरे उभे राहायचे, धबधब्याखाली नाचायचे, बाटल्या आणि पुड्या तिथेच टाकायच्या, आणि सोमवारी कचेरीत ‘निसर्गाच्या कुशीत’ जाऊन आल्याची बातमी सांगायची. राज्य सरकारने २०२१ साली साहसी पर्यटनाचे धोरण ठरवले, त्यात अशा यात्रा काढणाऱ्यांनी नोंदणी करावी असे आहे. चांगलेच आहे. पण नोंदणी तपासण्याचे काम कष्टाचे असते; सरसकट मनाईला एका सहीने भागते. म्हणून तर नफेखोर आणि जाणता, दोघांना एकाच काठीने हाकण्याची सोय आपण करून ठेवली.

यावर मला ठरलेले उत्तर मिळते: “मास्तर, जिवापेक्षा काही मोठे आहे का? एक पावसाळा नाही गेला कोणी डोंगरात, तर काय बिघडले?” प्रश्न खरा आहे, आणि त्याला खरे उत्तर द्यायला हवे. काय बिघडते ते १९ जुलै २०२३ च्या रात्री दिसले. खालापूर तालुक्यात इर्शाळगडाच्या पोटाशी ठाकरांची इर्शाळवाडी होती. रात्री, धो धो पावसात, झोपलेल्या वाडीवर डोंगर आला. सत्तावीस माणसांचे देह मिळाले. सत्तावन्न मिळालेच नाहीत. वाडीला मोटारीचा रस्ता नव्हता. यंत्रे खालीच थांबली. चिखलाची, निसरडी, अंधारी वाट तास-दीड तास चढून वर जाईल तोच माणूस उपयोगाचा होता. चढताना अग्निशमन दलाचा एक कर्मचारी हृदयविकाराने दगावला. त्या रात्री आणि पुढच्या दिवसांत सरकारी पथकांच्या जोडीने जे वर गेले, त्यांत आसपासच्या गावांतले लोक होते आणि खोपोलीच्या ‘यशवंती हायकर्स’सारख्या संस्थांची पोरे होती. भुशीच्या पाण्यात शोध घ्यायला उतरली तीही लोणावळ्याच्या ‘शिवदुर्ग मित्र’ची पोरेच होती. ही पोरे पावसात डोंगर चढायला कुठे शिकली? पावसातल्या डोंगरातच ना? तुमचा हुकूम तंतोतंत पाळला गेला असता तर त्या रात्री कोणाला हाक मारणार होता?

आणि मळीण? ३० जुलै २०१४ ला आंबेगाव तालुक्यातले ते गाव सकाळच्या प्रहरी डोंगराखाली गाडले गेले, दीडशेवर माणसे गेली. भीमाशंकरच्या मुलखातलेच ते गाव. तिथल्या माणसांना कोणता मनाईहुकूम वाचवणार होता? ती काही सहलीला आली नव्हती. त्यांची चूल तिथे होती. सह्याद्रीच्या उतारावर आजही हजारो चुली आहेत. पावसातल्या डोंगराकडे आपण जितकी पाठ फिरवू, तितकी ही माणसे आपल्या नजरेआड जातील. जो मुलगा पावसाळ्यात एकदा तरी अशा वाडीत भाकरी खाऊन येतो, त्याला पुढे मोठेपणी वर्तमानपत्रात तिचे नाव वाचून नुसती हळहळ वाटत नाही. त्याला तिथली घरे, माणसे आठवतात. साहेबाच्या खुर्चीवर बसायला असाच मुलगा हवा.

दुसरा आक्षेप जंगलाच्या कैवाऱ्यांचा. ते म्हणतात, रानाला पावसाळ्यात विसावा हवा, माणूस नकोच. त्यांचा हेतू मला मान्य आहे आणि काही जागा खरोखरच बंद ठेवाव्यात. देवराई हे आपल्याच पूर्वजांनी दिलेले उदाहरण आहे. पण लक्षात घ्या, देवराईला कुंपण नव्हते. ती राखली ती तिच्याविषयी माहिती आणि धाक असलेल्या गावकऱ्यांनी. जे रान कोणी पाहिलेच नाही, त्याच्यासाठी उद्या कोण भांडणार? बंगल्यांसाठी, रस्त्यांसाठी, खाणींसाठी डोंगर फोडणाऱ्याला पावसाळी मनाई कधी आड आली आहे?

मग करायचे काय? टीका करून मोकळे होणे मास्तराला शोभत नाही, म्हणून चार गोष्टी सांगतो.

पहिली, बंदी महिन्यांची नको, दिवसांची हवी. हवामान खाते २४ तासांत २०४ मिलिमीटरांहून अधिक पावसाला अत्यंत मुसळधार म्हणते आणि तांबडा इशारा देते. त्या दिवशी वाट बंद म्हणजे बंद. मग मंत्र्याचा मेहुणा असो की मास्तर. इतर दिवशी सकाळी ठरल्या वेळेपर्यंत प्रवेश, दुपारनंतर नाही.

दुसरी, वाटाड्याशिवाय कोणी चढायचे नाही. दर गावात नावांची यादी असावी, ठरावीक माणसांमागे एक वाटाड्या असावा, आणि मोबदला थेट त्याच्या हातात पडावा. त्याने “परत फिरा” म्हटले की ते सर्वांना बंधनकारक. पावसाळ्यात पिठले-भाकरी खाऊ घालून जी घरे चार पैसे मिळवतात, त्यांची चूलही मग हुकुमाने विझणार नाही.

तिसरी, माणसे मोजा. हे होत नाही असे कोणी म्हणू नये. साताऱ्याजवळच्या कासच्या पठाराला २०१२ साली जागतिक वारशात स्थान मिळाले, गर्दी लोटली आणि फुले तुडवली जाऊ लागली. तेव्हा दिवसाला तीन हजार माणसांची मर्यादा आणि शुल्क ठरवून, भोवतालच्या गावांच्या समितीच्या हाती व्यवस्था देण्यात आली. फुलांसाठी जे करता आले ते माणसांच्या जिवासाठी करता येत नाही, हे कोणी मला पटवून द्यावे.

चौथी गोष्ट माझ्या धंद्यातली. १ फेब्रुवारी २०१६ ला मुरूडच्या समुद्रात पुण्याच्या एका महाविद्यालयाच्या सहलीतली चौदा मुले बुडाली. त्यानंतर सहलींवरच्या अटी वाढल्या, आणि बहुतेक हेडमास्तरांनी त्यांतून सोपी वाट काढली: पाणी दिसेल तिथे जायचेच नाही. सहल निघते डिसेंबरात, ओढा कोरडा पडल्यावर. आणि ती जाते जत्रेतल्यासारखे पाळणे असलेल्या बागेत. पाणी टाळून पाण्याचे ज्ञान कसे होणार? सातवी ते नववीच्या प्रत्येक मुलाला श्रावण-भाद्रपदात एकदा तरी वाटाड्याच्या मागून रानात चालवा. त्याला धबधबा लांबून दाखवा, पाण्यात उतरू देऊ नका, पण अर्धा तास गप्प उभे राहून पाणी ऐकायला लावा. अशी मुले पुढे वीस वर्षांची होतील तेव्हा नाक्यावर शिपाई उभा करावा लागणार नाही.

आईबापांना एकच सांगणे आहे. तुमचा मुलगा आज ना उद्या त्या धबधब्याशी जाणारच आहे. पावसाळ्यातला सह्याद्री हाक मारतो, आणि अठरा वर्षांच्या पोराला ती ऐकू येते. ऐकू येऊ नये अशी इच्छाही कोणी करू नये. प्रश्न एवढाच की तो पहिल्यांदा कोणाबरोबर जाणार: तुमच्याबरोबर आणि गावच्या वाटाड्याबरोबर, की तुम्हाला न सांगता, मित्राच्या मोटारीवर, कोणाचेच न ऐकणाऱ्या टोळक्याबरोबर? मनाईचा हुकूम यांतला पहिला रस्ता बंद करतो. दुसरा त्याला बंद करता आलेला नाही.

पुढचा पावसाळा यायला सात महिने आहेत. याद्या करायला, वाटाडे नेमायला, धडा लिहायला तेवढे पुरेत. नेहमीप्रमाणे जूनअखेरची वाट पाहिली, तर हातात पुन्हा कागदच येईल. आणि पुन्हा कोणाच्या तरी घरी पुढच्या दिवाळीला कंदील लागणार नाही.